घरबसल्या महाराष्ट्र

महाराष्ट्र दिन १ मेला ठेवणाऱ्यांनी महागावचा उन्हाळा पाहिला होता की नाही, कोण जाणे. सकाळी झेंडावंदन उरकेपर्यंतच ऊन असे डोळे वटारते, की कट्टर देशभक्तही डोक्याला दुपट्टा गुंडाळून घर गाठतो. मग कूलरमध्ये पाणी, माठात वाळा, ताटात रस-पोळी आणि वर आडवे होणे. माहेरपणाला आलेली बहीण, तिची पोरे, काका, सगळे एकाच खोलीत. कारण कूलर एकच!

तसे पाहिले तर घरी बसून राज्य मिळवण्याची आम्हा वऱ्हाडकरांना जुनी सवय आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये भाड्याने तो कायमचा त्यांच्याकडे गेला, म्हणजे आम्ही चक्क भाड्याचे! १९५० साली आम्ही मध्य प्रदेशात, १९५६ च्या नोव्हेंबरात द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. दहा वर्षांत तीन राज्ये झाली, पण ओट्यावरच्या आजोबांना पायात जोडा घालावा लागला नाही. राजधानी तेवढी नागपूरहून उठून मुंबईला गेली.

काका वेगळ्या विदर्भाचे. "मी काही अर्ज केला नव्हता बा, महाराष्ट्रात यायचा," हे त्यांचे दरवर्षीचे भाषण. सुट्टी मात्र ते पुरती घेतात, रसाची दुसरी वाटीही घेतात. पण त्यांची थट्टा जपून करावी लागते. आपल्याच जिल्ह्यातल्या वणीचे लोकनायक बापूजी अणेही वेगळ्या विदर्भाचे होते, आणि ते काही घरबशे नव्हते. १० जुलै १९३० रोजी शेजारच्या पुसदला राखीव जंगलातले गवत कापून ते तुरुंगात गेले. त्या तारखेला सुट्टी नसते, त्यामुळे ती आम्ही कामाच्या गडबडीत विसरतो. १ मे झोपेत विसरतो, एवढाच फरक.

"मामा, पण सुट्टी कशाची?" भाचीने विचारले. "उन्हाची," काका म्हणाले. सगळे हसले. पोरगी मात्र हटेना, तेव्हा सांगावेच लागले. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, १९५६ च्या जानेवारीत पुन्हा झाला. त्या लढ्यातले हुतात्मे १०६ म्हणतात. त्यांत कामगार होते, विद्यार्थी होते.

"म्हणजे ते घरी नाही आले?"

"नाही."

निघताना त्यांनीही घरच्यांना "आलोच" म्हटले असेल. आपण सगळे तेच म्हणतो. खोलीत नुसता कूलर घरघरत होता. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "विदर्भाचं आपण मग पाहू. हिला ते १०६ नीट सांग."

त्या दुपारी झोप जरा उशिरा लागली.