घटना हाताळणी

घटना हाताळणी : ग्राफिकल इंटरफेस असलेल्या प्रोग्रॅमने वापरकर्त्याच्या कृतींची दखल घेऊन त्यांना प्रतिसाद देण्याची पद्धत. बटण दाबणे, माऊस सरकवणे, कळ दाबणे वा सोडणे, पडद्याला स्पर्श करणे, खिडकी बंद करणे यांतील प्रत्येक कृती म्हणजे एक घटना किंवा ‘इव्हेंट’. ती घडल्यावर चालवायच्या आज्ञांना ‘हँडलर’ म्हणतात. जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम एकामागून एक प्रश्न विचारी आणि माणसाला त्याच क्रमाने उत्तरे द्यावी लागत. घटनाधारित प्रोग्रॅममध्ये कामाचा क्रम वापरकर्ता ठरवतो. पुढे कोणती कृती होईल हे प्रोग्रॅमला आधी ठाऊक नसते, म्हणून त्याला प्रत्येक कृतीसाठी तयार राहावे लागते.

15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी हे याचे परिचित उदाहरण. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी मोबाइल ॲपमध्ये गट क्रमांक व हंगाम निवडतो, कापूस, सोयाबीन किंवा तूर असे पीक नोंदवतो, क्षेत्र भरतो आणि बांधावर उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो. यांतली प्रत्येक निवड आणि प्रत्येक स्पर्श ही स्वतंत्र घटना असते. छायाचित्र तयार झाल्याची किंवा ठिकाणाचे अक्षांश-रेखांश मिळाल्याची सूचनाही ॲपला घटना म्हणूनच मिळते. अर्थात, घटना माणसाकडून येते तशी यंत्राकडूनही येते.

कार्यपद्धती : कळफलक, माऊस किंवा स्पर्शपडदा यांच्याकडून आलेला संकेत कार्यकारी प्रणाली टिपते आणि घटनांच्या रांगेत ठेवते. प्रोग्रॅमचे एक अखंड आवर्तन रांगेतून एकेक घटना उचलते, ती कोणत्या घटकाची आहे हे ठरवते आणि त्या घटकाच्या हँडलरला बोलावते. हँडलरचे काम संपले की आवर्तन पुढची घटना घेते. बहुतेक प्रणालींत हे सारे एकाच थ्रेडवर, म्हणजे आज्ञा एकामागून एक चालवणाऱ्या एकाच धाग्यावर, चालते. त्यामुळे एखाद्या हँडलरने मोठी फाइल वाचायला किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहायला सुरुवात केली, की मागची सगळी रांग थांबते आणि पडदा गोठल्यासारखा दिसतो. अँड्रॉइडमध्ये स्पर्शाला सुमारे 5 सेकंद प्रतिसाद मिळाला नाही, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना झळकते. वेळखाऊ काम पार्श्वभूमीतील थ्रेडकडे सोपवून हँडलर आटोपशीर ठेवणे हा या क्षेत्रातला पहिला नियम आहे.

इतिहास : झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात 1973 मध्ये तयार झालेल्या ‘आल्टो’ संगणकावर खिडक्या आणि माऊस यांचा एकत्र वापर विकसित झाला. ॲपलच्या मॅकिंटॉशने (1984) ही पद्धत सर्वसामान्य ग्राहकापर्यंत नेली. 1985 मध्ये आलेल्या विंडोजमध्ये प्रोग्रॅमरला संदेशांचे, म्हणजे घटनांचे, आवर्तन स्वतः लिहावे लागे. 1991 च्या व्हिज्युअल बेसिकने ते आवर्तन पडद्याआड नेले. बटण मांडायचे, त्यावर दोनदा क्लिक करायचे आणि समोर आलेल्या जागेत हँडलर लिहायचा, एवढेच काम उरले.

जावाची पद्धत : जावाच्या पहिल्या आवृत्तीत (1996) घटना हाताळण्यासाठी घटकाचा उपवर्ग करावा लागे. 1997 च्या 1.1 आवृत्तीने प्रातिनिधिक पद्धत आणली. तीत घटना जिथे उद्भवते तो स्रोत, घटनेची माहिती बाळगणारा ऑब्जेक्ट आणि ती ऐकणारा ‘लिसनर’ असे तीन भाग असतात. लिसनरने स्रोताकडे आधी नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणी राहून गेली, तर बटण दाबूनही काहीच घडत नाही. ॲक्शनलिसनरमध्ये 1, कीलिसनरमध्ये 3, माऊसलिसनरमध्ये 5 आणि विंडोलिसनरमध्ये 7 मेथड असतात. त्या सगळ्या लिहिण्याचा व्याप टाळण्यासाठी, त्या मेथड आधीच रिकाम्या लिहून ठेवलेले ॲडॅप्टर वर्ग वापरतात. ॲक्शनलिसनरला एकच मेथड असल्याने त्याला ॲडॅप्टरची गरज पडत नाही.

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक पदविकेतील ‘ॲडव्हान्स्ड जावा प्रोग्रॅमिंग’ या विषयात एडब्ल्यूटी आणि स्विंग या जावाच्या ग्राफिकल घटकसंचांनंतर घटना हाताळणीचे स्वतंत्र प्रकरण ठेवले होते.

ब्राउझरमधील घटना : वेबपानावरील घटक एकमेकांच्या आत असतात. बटणावरील क्लिक आधी बाहेरच्या घटकापासून आत उतरते, लक्ष्यापर्यंत पोहोचते आणि मग पुन्हा बाहेर चढत जाते. नोव्हेंबर 2000 मध्ये वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने हा प्रवास प्रमाणित केला. त्याचा फायदा असा, की यादीतल्या शंभर ओळींना शंभर हँडलर लावण्याऐवजी पूर्ण यादीला एकच लावून भागते.

देवनागरी टंकन : कळ आणि अक्षर यांचे नाते एकास एक असते, असे इंग्रजी टंकनावरून वाटते. मराठीत तसे नसते. ‘आर्णी’ हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे नाव इन्स्क्रिप्ट कळफलकावर आ, र, हलन्त, ण, दीर्घ ईकार अशा 5 चिन्हांनी लिहितात. पडद्यावर मात्र दोनच अक्षरे दिसतात. बॅकस्पेस साधारणपणे शेवटचे चिन्ह पुसते, बाणाची कळ मात्र पूर्ण जोडाक्षर ओलांडते. रोमन लिपीतून मराठी लिहिण्याच्या पद्धतीत कळा आधी दाबल्या जातात आणि देवनागरी शब्द नंतर पक्का होतो. अशा टंकनाच्या आरंभ, बदल आणि समाप्तीसाठी ब्राउझर ‘कॉम्पोझिशन’ नावाच्या वेगळ्या घटना पाठवतो. केवळ कळ दाबल्याची घटना ऐकणारा प्रोग्रॅम इथे चुकतो. शब्द पक्का करण्यासाठी दाबलेली एंटर कळ त्याला अर्ज पाठवण्याची आज्ञा वाटते आणि अर्धवट नाव पुढे जाते. त्यासाठी कळेऐवजी चौकटीतील मजकूर बदलल्याची घटना ऐकणे आणि टंकन चालू असेपर्यंत थांबणे हा योग्य उपाय आहे. सातबारा, पीकनोंद किंवा प्रवेशअर्ज यांत माणसाचे आणि गावाचे नाव अचूक उमटणे हा नागरिकाचा हक्क आहे. म्हणून मराठी वापरकर्त्यांसाठी लिहिलेला प्रत्येक हँडलर इन्स्क्रिप्ट आणि रोमन या दोन्ही टंकनपद्धतींवर तपासल्याशिवाय पूर्ण झाला असे मानू नये.