वर कोणी जायचे? माडाच्या शेंड्यापासून हायड्रॉलिक पाळण्यापर्यंत

भारतातील यंत्रांचा इतिहास सांगताना रेल्वे, कापडगिरण्या, धरणे आणि उपग्रह यांचा उल्लेख हमखास होतो. माणसाला जमिनीपासून दहा-वीस मीटर वर नेऊन सुखरूप खाली आणणाऱ्या साधनांचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. नारळ काढणे, छपरावर झुकलेली फांदी छाटणे, रस्त्यावरचा दिवा बदलणे, भिंतीला रंग देणे ही कामे रोजची असल्यामुळे त्यांची नोंद होत नाही. नोंद होते ती कोणी पडले तरच, आणि तीही दोन ओळींची. आज अनेक शहरांत हायड्रॉलिक लिफ्टची गाडी दिवसाच्या भाड्याने मिळते. ती भाड्याने आणावी की विकत घ्यावी, हा प्रश्न वरवर निव्वळ हिशेबाचा दिसतो. त्याच्या तळाशी मात्र एक जुना सामाजिक प्रश्न दडलेला आहे: वर कोणी जायचे, कोणाच्या साधनाने जायचे, आणि पडल्यास त्याची किंमत कोणी मोजायची?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे नारळाचा माड. उंच जातीचा माड २० मीटर आणि त्याहूनही अधिक वाढतो. त्याला फांद्या नसतात. खोडाच्या टोकाशी एकच वाढबिंदू असतो आणि तेथूनच झावळ्या फुटतात. पूर्ण वाढलेल्या माडाला साधारणपणे महिन्याला एक नवी झावळी येते आणि तिच्या बगलेत एक फुलोरा येतो. फुलोऱ्यापासून पक्व नारळ तयार होण्यास सुमारे ११ ते १२ महिने लागतात. याचा अर्थ असा की आंब्याप्रमाणे माडाचा एकच हंगाम नसतो. एकाच झाडावर निरनिराळ्या वयाचे घड एकाच वेळी लटकत असतात. त्यामुळे वर्षातून अनेक वेळा त्याच झाडावर पुन्हा पुन्हा चढावे लागते. झाडाच्या रचनेनेच ही चढाई नित्याची केली आहे.

ही चढाई पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक समाजांच्या वाट्याला आली. केरळात ताडी काढणारे, कोकणात भंडारी, गोव्यात रेंदेर आणि नारळ पाडणारे पाडेली यांच्या अंगी हे कौशल्य बालपणापासून मुरत असे. पायांत अडकवलेला काथ्याचा फास, कमरेला कोयती आणि खोडाला घातलेली हातांची मिठी एवढीच त्यांची साधनसामग्री होती. काही ठिकाणी पाय ठेवण्यासाठी खोडावर खाचा पाडल्या जात. माड हा एकदल वनस्पतींपैकी असल्याने त्याच्या खोडात आंबा-फणसाप्रमाणे नवी साल आणि नवे लाकूड तयार करणारा थर नसतो. एकदा पडलेली खाच आयुष्यभर भरून येत नाही, आणि अशा जखमांतून कीड व कूज आत शिरण्याचा धोका वाढतो. माणसाच्या सोयीसाठी झाडाला दिलेली जखम अशी कायमची राहते.

चढणाऱ्याच्या श्रमाचे गणित विद्यार्थ्यांनी करून पाहण्यासारखे आहे. ६० किलो वजनाचा माणूस २० मीटर वर गेला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने केलेले कार्य ६० × ९.८ × २०, म्हणजे ११,७६० जूल होते. उष्मांकांत ते तीन किलोकॅलरीहूनही कमी भरते. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या आसपास धरली, तरी एका माडामागे ११-१२ किलोकॅलरी. आकडा किरकोळ वाटतो. परंतु दुसरा आकडा तसा नाही. १५ मीटरवरून हात सुटल्यास जमिनीवर आदळतानाचा वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरहून थोडा अधिक असतो. या कामाची खरी किंमत ऊर्जेत नव्हे, तर धोक्यात मोजावी लागते. आणि मजुरी मात्र शतकानुशतके झाडांच्या संख्येवर ठरत आली. धोक्यासाठी वेगळा दर कधीच नव्हता.

शिक्षण वाढले, इतर रोजगार उपलब्ध झाले, तशी या व्यवसायातील कुटुंबांची पुढची पिढी झाडापासून दूर गेली. बागायतदारांच्या दृष्टीने ही ‘मजुरांची टंचाई’ होती. त्या तरुणांच्या दृष्टीने ती जन्माने लादलेल्या धोक्यातून सुटका होती. इतिहास लिहिताना या दोन्ही बाजू एकत्र ठेवाव्या लागतात.

या टंचाईवरचे पहिले प्रभावी भारतीय उत्तर एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेतून आले नाही. केरळातील कण्णूर जिल्ह्यातील एम. जे. जोसेफ ऊर्फ अप्पच्चन या शेतकऱ्याने माडावर चढण्याचे साधे यंत्र घडवले. त्यात डाव्या आणि उजव्या पायासाठी दोन स्वतंत्र चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीची तारदोरी खोडाला वेढा घालते. पायावर भार दिला की वेढा आवळतो आणि घर्षणामुळे चौकट खोडाला घट्ट धरते. पाय उचलला की वेढा सैल होऊन चौकट वर सरकते. जितका भार अधिक, तितकी पकड घट्ट, हे त्यातील मर्म. इंजिन नाही, इंधन नाही, खोडाला खाच नाही. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने या यंत्राची दखल घेतली आणि पुढे त्याचे अनेक सुधारित अवतार निघाले. कासारगोड येथील केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने त्याला सुरक्षेची जोड देण्याचे काम केले.

२०११ मध्ये नारळ विकास मंडळाने ‘नारळवृक्षाचे मित्र’ या नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. बेरोजगार तरुण-तरुणींना यंत्राच्या साहाय्याने चढणे, काढणी आणि झाडाची निगा शिकवणे हा त्याचा हेतू. त्याला विम्याची जोडही देण्यात आली. स्त्रिया माडावर चढू लागल्या, ही या कार्यक्रमातील सर्वांत लक्षणीय घटना म्हणावी लागेल. जे काम जात आणि लिंग यांनी बांधलेले होते, ते प्रशिक्षणाने मिळवता येणारे कौशल्य ठरले. अलीकडे मंडळाच्या ‘हॅलो नारियल’ या दूरध्वनी सेवेद्वारे असा प्रशिक्षित चढणारा बोलावता येतो. घरमालकाने येथे यंत्र भाड्याने घेतलेले नसते. यंत्र, कौशल्य आणि विमा यांचा एकत्रित मोबदला त्याने दिलेला असतो.

शहरांतील उंचीचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे आले आणि त्यांबरोबर ते पेटवणारा माणूसही आला. बंगळूरच्या रस्त्यांवर १९०५ मध्ये विजेचे दिवे लागले. मद्रासमध्ये १८९५ साली, कलकत्त्यात १९०२ साली आणि मुंबईत १९०७ साली विजेच्या ट्राम धावू लागल्या. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. डोक्यावरून जाणाऱ्या तारा आल्या म्हणजे त्यांच्या देखभालीसाठी हलता मंच आवश्यक झाला. छपरावर काम करण्याचा मंच असलेली ‘टॉवर वॅगन’ आजही भारतीय रेल्वेच्या विद्युत मार्गांवर दिसते. बांधकामावर मात्र बांबू आणि सुंभाची परांची टिकून राहिली, कारण ती स्वस्त होती आणि बांधणारे हात त्याहूनही स्वस्त होते.

आज झाडछाटणीसाठी येणाऱ्या लिफ्टच्या गाडीचा जन्म अमेरिकेतील एका फळबागेत झाला. कॅलिफोर्नियातील जे आयटेल यांनी १९४४ मध्ये चेरी काढण्यासाठी माणसाला पाळण्यात उभे करून वर नेणारे यंत्र कल्पिले. ‘चेरी पिकर’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. लवकरच बागांपेक्षा वीज आणि दूरध्वनी कंपन्यांनाच त्याचा उपयोग अधिक झाला. १९६९ मध्ये जॉन ग्रोव्ह यांनी स्थापन केलेल्या कंपनीने स्वतःच्या चाकांवर फिरणारे उंच मंच बाजारात आणले, आणि ही यंत्रे भाड्याने देणारा स्वतंत्र व्यवसाय त्यांच्याभोवती वाढला.

या यंत्राचे विज्ञान शालेय पाठ्यपुस्तकातले आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आणि मोठ्याचे १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर बल दसपट होते आणि सरकणे दशांशावर येते. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी या तत्त्वावर दाबयंत्राचे एकस्व घेतले होते. लिफ्टच्या भुजेत दट्ट्या बिजागरीजवळ बसवलेला असतो. तो थोडासा सरकला तरी टोकाचा पाळणा कितीतरी वर जातो. त्यासाठी लागणारे प्रचंड बल तेलाचा दाब पुरवतो.

परंतु बल मिळाले म्हणजे स्थैर्य मिळाले असे नव्हे. माणूस, हत्यारे आणि पाळणा मिळून २०० किलो भार गाडीच्या मध्यापासून ८ मीटर बाहेर गेला, तर सुमारे १५,७०० न्यूटन-मीटरचे आघूर्ण गाडीला उलथवू पाहते. भुजेचे स्वतःचे वजन त्यात आणखी भर घालते. म्हणूनच गाडीच्या बाजूंना आधारपाय असतात. मात्र आधारपाय जमिनीइतकेच भक्कम असतात. पावसाने भिजलेले अंगण, नुकताच बुजवलेला चर किंवा शौचकूपाच्या टाकीवरील फरशी यांवर टेकलेला पाय केव्हाही खचू शकतो. विजेच्या तारांजवळ तर धोका दुहेरी होतो. ओली फांदी वीज वाहून नेते, आणि भाड्याच्या सर्वसाधारण लिफ्टच्या भुजा विद्युतरोधक असतीलच असे नाही.

आता मालकी आणि भाडे यांचा हिशेब. समजा, एका घराच्या परसात २० माड आहेत, वर्षातून ८ वेळा काढणी होते आणि प्रत्येक झाडाला १५ मिनिटे लागतात. एकूण काम ४० तासांचे, म्हणजे वर्षातील पाच दिवसांचे. उरलेले ३६० दिवस यंत्र उभे राहील. आणि हायड्रॉलिक यंत्राला उभे राहणे मानवत नाही: रबरी सीलांची लवचीकता जाते, उन्हाने नळ्यांना तडे जातात, बॅटरी उतरते. घरमालकाने लिफ्ट विकत घेणे म्हणजे पाच दिवसांच्या गरजेसाठी वर्षभराचा भार अंगावर घेणे होय. शिवाय किनारपट्टीवरील अरुंद पाणंद, गडगे आणि दाट लावलेल्या बागा यांतून गाडी माडापर्यंत पोहोचतच नाही. काही हजार रुपयांचे चढण्याचे यंत्र मात्र खांद्यावरून कोठेही नेता येते. म्हणून माडासाठी स्वतःचे छोटे साधन आणि रस्त्यालगतच्या मोठ्या झाडासाठी भाड्याची लिफ्ट, अशी विभागणी व्यवहारात आपोआप घडत गेली आहे.

या दोहोंमध्ये तिसरा मार्गही आहे, तो म्हणजे सामायिक मालकीचा. २०१४-१५ पासून राबवण्यात आलेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना अर्थसाहाय्य मिळू लागले. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रांसाठी आखलेली ही कल्पना उंचीच्या कामालाही लागू पडते. चक्रीवादळानंतर तिची निकड विशेष जाणवते. मे २०२० मधील अम्फानने कोलकात्यात आणि जून २०२० मधील निसर्गने कोकणात असंख्य झाडे पाडली. अशा वेळी सर्वांना एकाच दिवशी लिफ्ट हवी असते. भाड्याच्या बाजारात तेव्हा यंत्र मिळत नाही. सार्वजनिक मालकीचे यंत्र जवळ असेल तरच उपयोगी पडते.

भाड्याच्या व्यवहारात एक गोष्ट मात्र भाड्याने देता येत नाही, ती म्हणजे जबाबदारी. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यातून स्वतःच्या राहत्या घराचे लहान बांधकाम वगळलेले होते. झाडावर चढणे तर बांधकामच नव्हे. म्हणजे सर्वाधिक असंघटित अशी घरगुती उंचीची कामे संरक्षणाच्या चौकटीबाहेर राहिली. यंत्र एकाचे, चालक दुसऱ्याचा, झाड तिसऱ्याचे आणि पाळण्यात उभा असलेला रोजंदारीवरचा चौथाच, अशा साखळीत अपघात घडला की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. पट्टा बांधला होता का, आधारपायाखाली फळी होती का, वीज बंद केली होती का, हे प्रश्न भाडे ठरवण्यापूर्वी विचारले गेले तरच त्यांना अर्थ आहे.

या इतिहासाला आणखी एक पदर आहे. माणसाला वर नेण्याऐवजी काम खाली आणण्याचेही प्रयत्न झाले. केरळातील निलेश्वर येथे १९३० च्या दशकात उंच आणि ठेंगू माडांचा संकर करण्यात आला. चौघाट ऑरेंज ड्वार्फसारख्या ठेंगू जातीचे शहाळे बरीच वर्षे जमिनीवरूनच हाताशी येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘नूतन झेल्या’ने बहुतेक आंबे जमिनीवर उभे राहून, देठासह काढता येऊ लागले. ज्या उंचीवर जाण्याची गरजच उरत नाही, तेथून कोणी पडतही नाही.

फास, खाच, तारदोरीचे यंत्र, पाळणा आणि ठेंगू माड ही एका सरळ प्रगतीची शिडी नव्हे. ही सारी साधने आजही एकाच वेळी वापरात आहेत. त्यांपैकी कोणते योग्य, हे झाडाची जात, जमिनीचा कस आणि कामाचे दिवस यांवरून ठरते. मात्र कोणतेही साधन निवडले, तरी वर जाणाऱ्या माणसाचे नाव, त्याचे प्रशिक्षण आणि त्याचा विमा हा त्या हिशेबातील पहिला आकडा असला पाहिजे. आजवरच्या इतिहासात तो बहुधा शेवटी आला, आणि पुष्कळदा आलाच नाही.