शाळेनंतरची संध्याकाळ : दिवा, जागा आणि भाकरी

१/ परळची एक चाळ, विसाव्या शतकाची पहिली काही वर्षे. एकच खोली : तीतच चूल, सरपण, जाते आणि सारे कुटुंब. एल्फिन्स्टन हायस्कुलात जाणारा भीमराव संध्याकाळीच झोपी जाई. रात्री दोनच्या सुमारास वडील, सुभेदार रामजी, त्याला उठवीत आणि रिकाम्या झालेल्या जागेवर स्वतः अंग टाकीत. मग मिणमिणत्या दिव्यापाशी अभ्यास चाले. १९०७ साली हा मुलगा मॅट्रिक झाला.

२/ गरिबांच्या शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा शाळांच्या स्थापनेच्या सनावळीतून वाचतो. परंतु बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचे शिक्षण तुटत असे ते बहुतेकदा शाळा सुटल्यानंतरच्या तासांत. बसायचे कोठे, दिवा कोणाचा, रात्रीच्या भाकरीचे काय?

३/ कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड. दंडाने मूल वर्गात येते, हे खरे. मात्र पुढील शिक्षणासाठी खेड्यातून शहरात आलेल्या मुलाला दंडाचा काय उपयोग? ही अडचण महाराजांनी आधीच ओळखली होती. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्यामागोमाग इतर समाजांची वसतिगृहे उभी राहिली. ती जातवार होती, ही त्यांची मर्यादा. मात्र त्या काळी एका पंगतीचा आग्रह धरला असता, तर कित्येक पालकांनी मुले पाठविलीच नसती, असे मला वाटते.

४/ ती मर्यादा साताऱ्यात ओलांडली गेली. भाऊराव पाटील स्वतः कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकलेले. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलेच स्वयंपाक करीत, लाकडे आणीत, मजुरी करीत आणि रात्री एकत्र अभ्यासाला बसत. कोठीतले धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही दिले. भाऊरावांचे नाव सर्वतोमुखी आहे, लक्ष्मीबाईंचे तितके नाही. मुलांच्या ताटात भाकरी पडली ती त्यांच्या सोन्यातून. १९३० मध्ये त्या निवर्तल्या.

५/ परळचा तो विद्यार्थी तोवर बॅरिस्टर झाला होता. त्याच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि तिच्या कार्यासाठी वयोगट निवडला तो माध्यमिक शाळेतील मुलांचा.