कपाळावरून मांडीकडे

कात म्हटला की आपल्याला पानाचा डबा आठवतो. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, रस आटवून केलेला हा तपकिरी पदार्थ कोकणाला नवा नाही. सावर्डे-चिपळूणच्या बाजूला कातभट्ट्या आहेत आणि कातकरी या जमातीचे नावच या धंद्यावरून पडले. पण हाच कात पाण्यात कालवून, कापडाच्या पट्ट्यांना फासून, माणसाचे नवे नाक जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी वापरला गेला, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ज्या वृत्तांतात ही नोंद आहे त्याने युरोपातल्या शस्त्रवैद्यांना कातडी सरकवण्याची कला पुन्हा शिकवली. ती कला पुढे मांडीपर्यंत कशी पोचली, आणि आज वजन उतरलेल्या माणसाच्या मांडीवर लोंबणारी कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत तिचा धागा कसा येतो, ते या लेखात पाहायचे आहे.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात 'बी. एल.' अशा सहीचे एक पत्र आले. सोबत एका माणसाचे चित्र होते. हा माणूस जातीने शेतकरी मराठा, इंग्रजी फौजेत बैल हाकणारा. नाव कावसजी असे दिले आहे. (नाव कानाला पारशी लागते. मूळ मराठी नाव इंग्रजी कानाने बिघडवले असावे असे मला वाटते.) १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि टिपूने त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस विटा करणाऱ्यांच्या जातीचा, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार.

मुंबई इलाख्याचे दोन डॉक्टर, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली होती. मेणाची पातळ पट्टी नाकाच्या थुटावर बसवून आधी नाकाचा आकार घडवायचा. ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेने रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी न कापता ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहते. मग ती कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि थुटाच्या कडेला केलेल्या चिरेत बसवायची. त्यावर काताच्या पट्ट्या, पाच-सहा एकावर एक. चार दिवस दुसरे काही लावायचे नाही. त्यानंतर तुपात भिजवलेले कापड. भुवयांमधला दुवा साधारण पंचविसाव्या दिवशी तोडायचा. मासिकातले चित्र ज्यावरून कोरले ते मूळ चित्र जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढलेले आहे. चित्रकार जेम्स वेल्स, सवाई माधवरावांचे चित्र रंगवणारा तोच.

ही हकीकत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि सांगणारे सुश्रुतापाशी जाऊन थांबतात. सुश्रुताने नाक आणि कानाची पाळी घडवण्याची कृती दिली आहे हे खरेच, पण त्यात नाकासाठी कातडी गालाची आहे. कपाळाची पद्धत कारागिरांच्या घराण्यांत हातोहात चालत आली. आणि एक गोष्ट खुपते. या वृत्तांतात रुग्णाचे नाव आहे, दोन साक्षीदार डॉक्टरांची नावे आहेत, चित्रकाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ज्याच्या हातात शस्त्र होते त्याचे नाव मात्र कुणी विचारले नाही.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने हे वाचून आधी प्रेतांवर सराव केला आणि ऑक्टोबर १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक कपाळाच्या कातडीने घडवले. १८१६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले. १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफेचे पुस्तक आले.

मांडी या कथेत येते ती इथून पुढे. १८१७ साली फ्रान्समध्ये द्युत्रोशे याने हिंदुस्थानातून ऐकलेली एक हकीकत छापली. तिच्यातला हिंदी कारागीर कपाळाची कातडी घेत नाही. ढुंगणावर चपलेने मारून कातडी लाल-सुजरी करतो आणि तिथला तुकडा पूर्ण सुटा करून नाकावर बसवतो. ही गोष्ट किती खरी, किती सांगोवांगीची, यावर वाद घालता येईल. पण जर्मनीत मारबुर्गच्या ब्यूंगरने ती मनावर घेतली. १८२२ च्या सुमारास नाक गमावलेल्या एका बाईच्या मांडीचा वरचा भाग त्याने चामड्याच्या पट्ट्याने मारून लाल केला, तिथली कातडी काढली आणि नाकावर शिवली. त्यातला बराचसा भाग जगला. शरीरापासून पूर्ण तोडलेली कातडी दुसरीकडे रुजू शकते, याचा युरोपातल्या नोंदींमधला हा पहिल्या दाखल्यांपैकी एक. त्याची जागा मांडी.

मांडीच का? ती कपड्याखाली झाकलेली असते, हे एक. दुसरे, ती मोठी असते. प्रौढ माणसाच्या सगळ्या कातडीचा जवळपास दहावा हिस्सा एकेका मांडीवर असतो. पुढे १८६९ मध्ये पॅरिसमध्ये रेव्हरदँने कातडीचे बारीक कण रुजवून दाखवले, १८७४ मध्ये लाइपझिगच्या थीर्शने पातळ पापुद्रा काढण्याची रीत बसवली आणि १९२९ मध्ये अमेरिकेत ब्लेअर आणि ब्राउन यांनी थोडा जाड पापुद्रा वापरायला सुरुवात केली. कातडीची पूर्ण जाडी न घेता वरचा थर तासून घेतला, तर खाली उरलेल्या केसांच्या मुळांतून आणि घामाच्या ग्रंथींतून नवी कातडी चढते आणि दोनेक आठवड्यांत मांडी भरून येते. आपल्या सरकारी रुग्णालयांत अजूनही हे काम हम्बीच्या सुरीने होते. लांब पात्याची, जाडी ठरवायला रूळ असलेली ही सुरी पाहिली की न्हाव्याचा वस्तरा आठवतो.

महाराष्ट्रात या शास्त्राला घर मिळाले ते स्वातंत्र्यानंतर. १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. त्याच सुमारास मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी विभाग उभा केला. अंतियांनी लंडनच्या हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिक्षण घेतले होते आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम केले होते. झडलेल्या भुवया, बसलेली नाके, वळलेली बोटे ही त्यांची शाळा. रूप आणि गरज यांत रेघ कुठे मारायची हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज असणार. कुष्ठरोग्याचे नाक सरळ केले म्हणजे सौंदर्य वाढवले की त्याला एस्टीत बसू दिले? पुढे १९७० च्या दशकात अंतिया रायगडातल्या मांडव्याकडे वळले. गावातल्या अर्धशिक्षित बायकाही आरोग्याचे बरेचसे काम सांभाळू शकतात, हे त्यांनी तिथे दाखवले.

आता उलट बाजू पाहू. आतापर्यंतची सगळी कथा कातडी कमी पडण्याची आहे. जास्त झालेल्या कातडीचे काय?

चरकाने आठ निंदित शरीरे सांगितली त्यांत अतिस्थूल आहे, आणि त्याचे वर्णन करताना हलणारे नितंब, पोट आणि स्तन यांचा उल्लेख आहे. उपाय आहार, व्यायाम आणि औषधांचे. लोंबणारे कापून काढावे असे त्याला सुचलेले नाही, आणि भूल व जंतुनाशन नसताना ते सुचले नाही हे बरेच झाले. पोटाची लोंबती झोळ कापल्याची प्रसिद्ध नोंद १८९९ ची, बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांची. मांडीला त्यानंतर अर्धशतक थांबावे लागले. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या लुइस यांनी मांडी उचलून बांधण्याची शस्त्रक्रिया मांडली.

कल्पना साधी होती. जांघेच्या घडीत चीर द्यायची, आतल्या बाजूची सैल कातडी वर ओढायची, जादा तेवढी कापायची, शिवायची. अनुभव मात्र वाईट आला. मांडीचे सगळे वजन नुसत्या कातडीच्या टाक्यांवर. काही महिन्यांत वण घडीतून खाली सरकून मांडीवर दिसू लागे, जननेंद्रियाची कड ओढली जाऊन तिचा आकार बिघडे, आणि मांडी पुन्हा लोंबे. तीस वर्षे बरेच शल्यविशारद या शस्त्रक्रियेपासून दूरच राहिले. १९८८ मध्ये टेड लॉकवूड यांनी उपाय सांगितला: टाका कातडीला घालूच नका, खालच्या पडद्याला घाला. जांघेत कोलीसचा पडदा म्हणून एक चिवट थर आहे. मांडीचा खोल थर त्याला टांगला की ओझे पडदा उचलतो आणि कातडी निवांत राहते. कपड्याची दोरी भिंतीच्या गिलाव्यात खिळा मारून बांधणे आणि तुळईला बांधणे, एवढाच फरक.

आज डॉक्टरसमोर साधारण तीन वाटा असतात. सैलपणा मांडीच्या वरच्या तिसऱ्या भागापुरता असेल तर चीर जांघेच्या घडीत लपते. चाळीस-पन्नास किलो उतरलेल्या माणसाची मांडी गुडघ्यापर्यंत पिशवीसारखी झालेली असते. तिथे जांघेतून कितीही ओढले तरी भागत नाही. आतल्या बाजूने, जांघेपासून गुडघ्याकडे उभी चीर घेऊन मांडीचा घेर कमी करावा लागतो, आणि तो वण जन्मभर राहतो. बाहेरची बाजू आणि नितंब उतरलेले असतील तर कमरेभोवतीच्या चिरेतून सगळेच वर घेतात. नुसती चरबी शोषून घेण्याची पद्धत १९७० च्या दशकात इटली आणि फ्रान्समध्ये निघाली. ती चांगली आहे, पण सैल कातडीवर एकटी वापरली तर पिशवी आणखी रिकामी होते. ती कातडी कापण्याच्या आधी जोडीने वापरली तर मात्र लसिकावाहिन्या वाचायला मदत होते. मांडीच्या आतल्या बाजूला या वाहिन्या आणि मोठी वरवरची शीर दाटीने असतात. त्या दुखावल्या तर पाय सुजतो, पाणी साचते, आणि ते दुखणे मूळ दुखण्यापेक्षा चिवट निघू शकते. जखम उसवणे तर इथे नेहमीचे: जागा घामाची, ओलसर, घर्षणाची.

हे सगळे कशासाठी, असे विचारणारे पुष्कळ आहेत. पावसचा जून-जुलै ज्याने काढला आहे त्याला फार समजावे लागू नये. हवेत पाणी असते, कपडे वाळत नाहीत, आणि मांडीला मांडी लागून सोलपटते, चिघळते, बुरशी येते, वास येतो. नऊवारीच्या काष्ट्याने दोन मांड्यांच्या मध्ये कापड येत असे. पाचवारी आणि गाऊन यांनी ते काढून घेतले. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया गेल्या वीसेक वर्षांत मुंबई-पुण्यात रुळल्या, मधुमेह सुटला, गुडघे सुटले, आणि नंतर कातडी उरली. ताणलेल्या रबराप्रमाणे तिचे तंतू तुटलेले असतात. व्यायामाने स्नायू येतो, कातडी आत जात नाही. बाई सांगत नाही, कारण सांगायची जागा अशी. घरचे म्हणतात, बारीक झालीस ना, आता काय हवे?

विम्याची कंपनीही तेच म्हणते. विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळण्याच्या अटी एकसारख्या केल्या. त्यांनुसार अतिस्थूलतेची शस्त्रक्रिया ठरावीक निकषांत बसली तर खर्च मिळू शकतो. रूप बदलणारी शस्त्रक्रिया मात्र वगळलेली आहे. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा तातडीचा धोका टाळण्यासाठी डॉक्टरने आवश्यक ठरवलेली, एवढेच अपवाद. चिघळणारी जांघ तातडीचा धोका ठरवणे कठीण. म्हणजे कोंढव्याच्या नाकांचा तोच प्रश्न, आता अर्जाच्या रकान्यात. माझ्या मते वारंवार पिकणाऱ्या, उपचाराला दाद न देणाऱ्या घडीला रूपाच्या खात्यात टाकणे अन्यायाचे आहे. नुसते आरशासाठी करणाऱ्याने खर्च स्वतः करावा, यात मला गैर वाटत नाही.

शस्त्रक्रियेत कापलेली कातडी पिवळ्या पिशवीत जाते आणि जाळली जाते. त्याच शहरात, सायनच्या रुग्णालयात, २००० सालापासून त्वचापेढी आहे. ऐरोलीच्या बर्न्स सेंटरमध्ये २००९ पासून आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ यांवरचा पातळ पापुद्रा तिथे घेतात, ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवतात, आणि निम्म्याहून अधिक भाजलेल्या माणसाच्या उघड्या अंगावर पांघरतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत शरीर ती नाकारते, पण तेवढ्यात जीव वाचतो. परदेशांत काही त्वचापेढ्यांनी जिवंत माणसांच्या शस्त्रक्रियेतली जादा कातडीही वापरून पाहिली आहे. तपासण्या, संमती, वेळ यांच्या अडचणी खऱ्या आहेत. तरी ब्यूंगरने ज्या जागेवर पट्टा मारून कातडी मिळवली, तीच जागा एका खोलीत टाकाऊ आणि दुसऱ्या खोलीत अमोल असावी, हे चमत्कारिक आहे.

या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी दोन-चार व्यवहारी गोष्टी. वजन किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर, स्थिर हवे. रक्तातले लोह आणि प्रथिने पुरेशी हवीत, कारण पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ती हमखास घसरतात. तंबाखू काही आठवडे आधीपासून बंद, आणि आपल्याकडच्या बायकांनी हे मिश्रीसह समजावे. डॉक्टर 'सिगरेट ओढता का' असे विचारतात, बाई खरेच 'नाही' म्हणते, आणि दातांना लावलेल्या मिश्रीतले निकोटिन कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळत राहते. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर रुग्णाला उभे करून शाईने रेघा मारतात, चिमटीत धरून किती कातडी सुटेल ते मोजतात; आडवे झाल्यावर माप चुकते. कुंभाराच्या मेणाच्या पट्टीचे काम आता ही शाई करते. नंतर महिना-दीड महिना घट्ट पट्ट्याचा पोशाख, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पहिल्याच दिवसापासून चालणे, आणि उकिडवे बसणे बंद, कारण जांघेचा टाका पहिल्यांदा तिथेच उसवतो. जुन्या घरात परसात देशी शौचालय असेल तर मुंबईची तारीख घेण्याआधी कमोडची खुर्ची आणून ठेवावी. रत्नागिरीच्या बाजारात ती मिळते.