अतिवास्तववाद : स्वप्नाची नोंद आणि स्वप्नाची घडण

अतिवास्तववादी कलाकृती म्हणजे स्वप्नाची प्रतिकृती, असे समीकरण मराठी समीक्षेत बऱ्यापैकी रूढ आहे. मर्ढेकरांच्या कवितेपासून पुढे नवकाव्यातील विसंगत प्रतिमांची चर्चा करताना हे विशेषण सैलपणे वापरले गेले. प्रतिमा विचित्र वाटली की तिचे मूळ कवीच्या अबोध मनात शोधावे, असा प्रघातही त्यातून पडला. या प्रघातामागे एक गृहीत दडलेले आहे. स्वप्न मनात आधीच पूर्णावस्थेत असते आणि कलाकृती त्याची केवळ नोंद करते, हे ते गृहीत होय. अतिवास्तववादाच्या आरंभी ते खरोखरच प्रभावी होते. पण चळवळीच्या पहिल्या दीड दशकातच तिच्या अनुयायांनी ते प्रत्यक्ष कलाव्यवहारात मोडीत काढले.

आंद्रे ब्रेताँ हा मूळचा वैद्यकाचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, सँ-दिझिए येथील मनोरुग्ण सैनिकांच्या केंद्रात काम करताना त्याचा फ्रॉइडच्या विचारांशी परिचय झाला, तोही फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञांनी केलेल्या सारांशांवरून. स्वप्नमीमांसेवरील फ्रॉइडच्या मूळ ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद निघाला १९२६ मध्ये. म्हणजे ब्रेताँचा पहिला जाहीरनामा त्याआधी दोन वर्षे प्रसिद्ध झालेला होता. मनात येईल ते न निवडता बोलण्याची जी मुभा मनोविश्लेषक रुग्णाला देतो, ती ब्रेताँने उपचारप्रक्रियेपासून अलग करून लेखनाकडे वळवली. १९१९ मध्ये फिलिप सूपोसह त्याने ‘चुंबकीय क्षेत्रे’ हे लेखन वेगाने, विवेकाचा अंकुश दूर ठेवून केले. १९२२ च्या शरद ऋतूत संमोहनसदृश निद्रेचे प्रयोग सुरू झाले. रने क्रव्हेल आणि रोबेर देस्नोस अशा अवस्थेत बोलत, लिहीत, रेखाटत. प्रयोगांना हिंसक वळण लागू लागले, तेव्हा ते थांबवावे लागले. १९२४ च्या जाहीरनाम्यात ब्रेताँने अतिवास्तववादाची व्याख्या शुद्ध मानसिक स्वयंचलन अशी केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ‘अतिवास्तववादी संशोधन कार्यालय’ उघडले आणि डिसेंबरपासून निघालेल्या ‘अतिवास्तववादी क्रांती’ या नियतकालिकात स्वप्नांचे वृत्तान्त छापले जाऊ लागले. कार्यालय, संशोधन, वृत्तान्त हे शब्दच सांगतात की कलावंताची भूमिका येथे नोंदणीकाराची होती.

शब्दांच्या बाबतीत ही भूमिका कशीबशी टिकली. चित्राशी गाठ पडताच ती डळमळली. त्याच नियतकालिकाच्या पहिल्या अंकात मॅक्स मोरिझ याने एक मूलगामी शंका उपस्थित केली. विचाराच्या ओघाबरोबर लेखणी धावू शकते. पण स्वप्नातील दृश्य रंगवायचे तर ते आधी आठवावे लागते, आणि आठवणीबरोबर निवड, मांडणी व कौशल्य शिरतेच. जॉर्जिओ दे किरिकोच्या चित्रांतील प्रतिमा अतिवास्तववादी असल्या तरी त्यांची अभिव्यक्ती तशी नाही, असे त्याचे म्हणणे. पिएर नाव्हिल आणखी पुढे गेला. अतिवास्तववादी चित्रकला अशी काही वस्तूच नाही, असे त्याने १९२५ च्या एप्रिल अंकात बजावले. जुलैच्या अंकापासून ब्रेताँने चित्रकलेवरील आपली लेखमाला सुरू केली; १९२८ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. या लेखनात त्याने चित्राने बाह्य जगाऐवजी आंतरिक नमुन्याकडे वळावे असा आग्रह धरला. हा आंतरिक नमुना हाताला कसा गवसतो, हा मोरिझचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याचे उत्तर चित्रकारांच्या कामात सापडते. आंद्रे मासाँने १९२६ च्या सुमारास कॅनव्हासवर गोंद पसरून त्यावर वाळू टाकण्याची रीत अवलंबिली. वाळू चिकटून जे आकार उमटले, त्यांत त्याला मासे दिसले. मग रेघा आणि रंग यांनी त्याने ते मासे पुरे केले. ‘माशांची लढाई’ हे चित्र असे घडले. मॅक्स अर्न्स्टने ऑगस्ट १९२५ मध्ये लाकडी जमिनीच्या फळ्यांवर कागद ठेवून शिसे घासले. लाकडाच्या रेषांतून उमटलेल्या आकृत्यांतून जंगले, पक्षी, डोळे वर आले. या दोन्ही पद्धतींत पहिली पायरी योगायोगाची आहे, दुसरी ओळखण्याची. आधीपासून असलेले स्वप्न कागदावर उतरवले गेले, असे येथे म्हणता येत नाही. साधनांशी झालेल्या झटापटीत स्वप्न प्रथमच आकाराला आले.

१९२९ मध्ये गटात आलेल्या साल्वादोर दालीने नेमकी उलट वाट धरली. त्याने योगायोग नाकारला आणि भ्रम सूक्ष्म, जवळजवळ छायाचित्रासारख्या तंत्राने रंगवले. ‘स्मृतीचे सातत्य’ (१९३१) हे त्याचे वितळत्या घड्याळांचे चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचे आहे. त्यातील प्रत्येक कडा जाणीवपूर्वक ओढलेली आहे. रने मॅग्रितने तर आपल्या चित्रांचा मनोविश्लेषणात्मक अर्थ लावण्यासच विरोध केला. स्वयंचलनाची व्याख्या प्रमाण मानली तर चळवळीचे हे दोन सर्वपरिचित चित्रकार तिच्याबाहेर पडतात. व्याख्या आणि कलाव्यवहार यांच्यातील हे अंतर चळवळीने शेवटपर्यंत मिटवले नाही.

ज्याच्या नावाने हे सारे चालले होते, त्या फ्रॉइडची भूमिका या संदर्भात निर्णायक ठरते. ब्रेताँ १९२१ मध्ये व्हिएन्नाला जाऊन त्याला भेटला आणि निराश होऊन परतला. १९३७ मध्ये स्वप्नांच्या एका संकलनासाठी ब्रेताँने लेखन मागितले, तेव्हा फ्रॉइडने नकार दिला. स्वप्न पाहणाऱ्याचे साहचर्य आणि परिस्थिती ठाऊक नसेल, तर नुसत्या स्वप्नांचा संग्रह आपल्याला काही सांगत नाही, असे त्याने कळवले. यातील भेद मूलभूत आहे. फ्रॉइडच्या दृष्टीने स्वप्नातील दृश्य हे संक्षेपण, विस्थापन आणि दुय्यम संस्करण यांनी घडलेले आवरण आहे; अर्थ त्याच्या मागे असतो. ब्रेताँला ते दृश्यच हवे होते. जुलै १९३८ मध्ये लंडनला स्टेफान झ्वाइगच्या मध्यस्थीने दाली फ्रॉइडला भेटला. दुसऱ्या दिवशी झ्वाइगला लिहिलेल्या पत्रात फ्रॉइडने अतिवास्तववाद्यांविषयीचे आपले प्रतिकूल मत काहीसे सैल केले. पण अबोधातील सामग्री आणि तिच्यावरील पूर्वबोध संस्कार यांचे प्रमाण कलेत विशिष्ट मर्यादेत राहावे लागते, हा टीकाकाराचा आक्षेप रास्त असल्याचेही नमूद केले. त्याचे लक्ष वेधले होते ते चित्रकाराच्या तांत्रिक प्रभुत्वाने.

नोंद आणि घडण यांतील भेद निव्वळ सैद्धान्तिक नाही, हे लिओनोरा कॅरिंग्टनच्या उदाहरणाने कळते. तिचा जोडीदार अर्न्स्ट याला फ्रान्समध्ये अटक झाल्यानंतर, १९४० मध्ये, ती स्पेनला गेली. तेथे सांतांदेर येथील मनोरुग्णालयात तिला डांबण्यात आले आणि झटके आणणारी कार्डियाझोलची इंजेक्शने देण्यात आली. १९२२ मधल्या निद्राप्रयोगांतून उठून घरी जाता येत होते. येथे तशी सोय नव्हती. या अनुभवाचा तिचा वृत्तान्त १९४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला स्वयंलेखनाचे रूप नाही. तो दिवसवार विभागलेला आहे आणि त्याला त्या रुग्णालयाचा तिने काढलेला नकाशा जोडलेला आहे. अबोधाच्या पूर्ण स्वाधीन झालेल्या व्यक्तीला परतताना गरज पडली ती क्रमाची आणि नकाशाची. संयम हा अबोधाचा शत्रू आहे, या आरंभीच्या श्रद्धेला याहून समर्पक उत्तर चळवळीच्या परिघात क्वचितच मिळेल.

अतिवास्तववादाने अबोध मनाची कागदपत्रे मागे ठेवली, असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. वाळू, लाकडाच्या रेषा, बारीक कुंचला आणि नकाशा यांच्या साहाय्याने त्याने स्वप्नकार्याला समांतर असे दुसरे कार्य उभे केले. कवितेतील वा चित्रातील विसंगत प्रतिमेपाशी थांबलेल्या समीक्षकाने तिच्यावरून निर्मात्याच्या मनाचे निदान करण्याची घाई करू नये. ती प्रतिमा कोणत्या साधनांनी आणि कोणत्या निवडीतून घडली, हा प्रश्न आधीचा आहे. निदानाला साहचर्ये लागतात, आणि ती देणारा माणूस बहुधा समोर नसतो. समीक्षकासमोर असते ती घडण.