सहाव्या सेमिस्टरमध्ये सीजीपीए किती वाढू शकतो?

पुण्यात बिबवेवाडीतल्या अप्पर इंदिरानगरमध्ये विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजेच व्हीआयटी आहे. १९८३ साली सुरू झालेलं हे कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आणि स्वायत्त आहे. इथे काय किंवा १० पॉइंटची श्रेणीपद्धत असलेल्या दुसऱ्या कॉलेजात काय, प्लेसमेंट जवळ आली की तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा प्रश्न एकच असतो: या सेमिस्टरने सीजीपीए किती वर येईल?

प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचा, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. हा झाला एका सेमिस्टरचा एसजीपीए. सगळ्या सेमिस्टरचा असाच हिशोब म्हणजे सीजीपीए. सगळ्या एसजीपीएंची सरळ सरासरी काढणं ही नेहमीची चूक. २२ क्रेडिटला ६.५ आणि १६ क्रेडिटला ८.५ असेल, तर सरासरी ७.५ दिसते, खरा आकडा ७.३४ असतो.

निकालाआधी अंदाज बांधायला सोपी रीत आहे. अपेक्षित एसजीपीएतून आताचा सीजीपीए वजा करा. उरलेल्या फरकाला या सेमिस्टरच्या क्रेडिटने गुणा आणि हे सेमिस्टर धरून होणाऱ्या एकूण क्रेडिटने भागा. येईल तेवढाच सीजीपीए हलेल.

समजा, पाच सेमिस्टरमध्ये १०० क्रेडिट झाले, सीजीपीए ७.२ आहे आणि सहावं सेमिस्टर २० क्रेडिटचं आहे. म्हणजे वाटा एक षष्ठांश. ८.४ एसजीपीए मिळाला तर फरक १.२, वाढ ०.२, सीजीपीए ७.४. हाच ८.४ दुसऱ्या सेमिस्टरला मिळाला असता, तर ७.२ चा थेट ७.८ झाला असता!

अनेक कॉलेजांत कंपन्या सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच येतात, त्यामुळे सहाव्यापर्यंतचाच सीजीपीए त्यांच्यासमोर असतो. एखाद्या कंपनीची अट ७.५ असेल तर वरच्या विद्यार्थ्याला सहाव्यात ९ एसजीपीए हवा. अवघड आहे, पण होऊ शकतं. अट ८ असेल तर १२ लागेल, आणि पद्धतच १० पॉइंटची. सगळ्या विषयांत १० मिळवले तरी तो ७.६७ वरच थांबतो. अशा वेळी त्या कंपनीच्या मागे रात्री जागवण्यापेक्षा ७.५ वाल्यांची यादी काढलेली बरी.

मेहनत कुठे करायची, हेही क्रेडिट सांगतात. ४ क्रेडिटचा विषय ६ वरून ८ पॉइंटवर गेला तर या सेमिस्टरचा एसजीपीए ०.४ ने वाढतो. १ क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये तेवढीच उडी मारली तर फक्त ०.१ ने.

केटी लागली तर मात्र हा अंदाज कोलमडतो. नापास विषयाला शून्य पॉइंट. त्याचे क्रेडिट भागाकारात धरायचे की विषय सुटेपर्यंत बाजूला ठेवायचे, हे प्रत्येक संस्थेचे परीक्षा नियम ठरवतात. धरले गेले, तर ७ पॉइंट अपेक्षित असलेल्या ४ क्रेडिटच्या एका विषयापायी १२० क्रेडिटवर सीजीपीए ०.२३ ने कमी येतो.