‘मॉडर्न ग्रेट्स’ आणि राज्यशास्त्र

ऑक्सफर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र ह्यांचा संयुक्त पदवी-अभ्यासक्रम १९२० मध्ये सुरू झाला. राज्यशास्त्राच्या वाढत्या प्रतिष्ठेचे हे फळ होय, असे समजणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकास मात्र ते पुरतेपणी ग्राह्य वाटत नाही. राज्यशास्त्राचे ग्लॅडस्टन अध्यासन तेथे १९१२ मध्येच प्रा. ॲडम्स ह्यांच्याकडे होते; पण अध्यासन असले म्हणजे पदवी निर्माण होते असे नाही.

तोवर मुलकी सेवेत, हिंदुस्थानच्याही, जाऊ पाहणारे कित्येक विद्यार्थी ‘ग्रेट्स’ची वाट धरीत. तीत प्राचीन इतिहास व तत्त्वज्ञान असे. प्लेटो-ॲरिस्टॉटल मूळ ग्रीकमधून वाचावे लागत आणि राज्यविचाराची गाठ तेथेच पडे. ऑक्सफर्डने ग्रीकची सक्ती उठविली तीही १९२० मध्येच. ग्रीक न जाणणाऱ्यास तत्त्वज्ञान कोणत्या वाटेने शिकवावे, हा प्रश्न त्या काळात ऐरणीवर आला होता. नव्या अभ्यासक्रमास ‘मॉडर्न ग्रेट्स’ हे नाव पडले, ते ह्या दृष्टीने बोलके आहे. राज्यशास्त्र येथे आले ते जुन्या विद्येचे वारस म्हणून, तेही दोन भावंडांसह. तिन्ही विषयांची सक्ती सुमारे अर्धशतक टिकली. ती सैल झाल्यावरच ह्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान अर्ध्यावर सोडून राज्यशास्त्राची पदवी-परीक्षा देणे शक्य झाले.